इंग्रजी ज्ञानकोशात आपली नावे कोण ठरवते?

१/ अधूनमधून समाजमाध्यमांवर एक चित्र फिरू लागते. इंग्रजी विकिपीडियावरील एखाद्या लेखाचे शीर्षक, त्याभोवती लाल वर्तुळ आणि खाली संतप्त मजकूर: हे नाव ताबडतोब बदला. कधी प्रश्न असतो गंगेला 'गँजेस' का म्हटले, कधी १८५७ ला 'रिबेलियन' का म्हटले, तर कधी छत्रपती शिवाजी महाराजांवरील लेखाच्या माथ्यावर नुसतेच 'शिवाजी' का लिहिले. या संतापामागची भावना खरी आहे. परंतु तो ज्या दारावर धडका देतो, ते दार बहुधा चुकीचे असते. ज्ञानकोशातील नाव कसे ठरते, ते पूर्वी कसे बदलले आणि पुढे कसे बदलू शकते, यासंबंधी हा धागा.

२/ आधी नियम समजून घेऊ. इंग्रजी विकिपीडियाच्या शीर्षक-धोरणात पाच कसोट्या आहेत: वाचकाला नाव ओळखता यावे, ते सहज सुचणारे असावे, नेमके असावे, आटोपशीर असावे आणि तत्सम लेखांच्या शीर्षकांशी जुळणारे असावे. या साऱ्यांच्या मुळाशी एकच सूत्र आहे. विश्वसनीय इंग्रजी लेखनात जे नाव सर्वाधिक रूढ आहे, ते घ्यावे. अधिकृत नाव कोणते, हा प्रश्न तेथे दुय्यम ठरतो; लोक लिहिताना काय लिहितात, हा प्रश्न पहिला. मात्र एखाद्या स्थळाचे वा संस्थेचे नाव बदलले असेल, तर बदलानंतरच्या लेखनाला अधिक वजन द्यावे, असेही धोरण सांगते.

३/ येथे एक तांत्रिक सोय लक्षात ठेवली पाहिजे. शीर्षक एकच असले तरी त्या लेखाकडे नेणाऱ्या वाटा कितीही असू शकतात. शोधपेटीत 'पूना' लिहिले तरी वाचक पुण्याच्याच लेखावर पोहोचतो. याला पुनर्निर्देशन म्हणतात. जुनी, पर्यायी, स्थानिक नावे लेखाच्या पहिल्या एक-दोन वाक्यांत नोंदविण्याचीही प्रथा आहे. म्हणजे शीर्षकाची निवड करताना इतर नावे हद्दपार होत नाहीत. वाड्याला दरवाजे अनेक. पाटी मात्र एकाच दरवाजावर लागते. वाद असतो तो त्या पाटीचा.

४/ मग पाटीसाठी एवढा वाद कशाला? कारण पाटी साधी दिसत असली तरी तिचा अधिकार मोठा असतो. सातारच्या शाळेतील मुलगी आणि नैरोबीतील वाचक, दोघेही ज्ञानकोशातील शीर्षकालाच त्या वस्तूचे खरे नाव समजतात. शोधयंत्रे तेच नाव उचलतात आणि तेथून ते लेखांत, नकाशांत, भाषणांत पसरते. 'आम्ही केवळ रूढ वापराची नोंद करतो' असे ज्ञानकोश म्हणतो, आणि ते खरेही असते. पण रूढ वापर कोणी रूढ केला, हे तो सांगत नाही. ते सांगणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

५/ एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती १९१०-११ मध्ये निघाली. तिच्या शीर्षकांत आपल्याला 'माह्राट्टाज' भेटतात, 'सिवाजी' भेटतात, 'पूना' आणि 'कॉनपोर' भेटतात. त्या काळच्या इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने हीच सर्वाधिक रूढ नावे होती. आजची पाच कलमी कसोटी १९११ साली लावली असती, तरी निर्णय हाच आला असता. रूढतेचा नियम प्रामाणिकपणे पाळूनही त्यातून साम्राज्याची वाणी निघू शकते, हा पहिला धडा.

६/ ही नावे केवळ निष्काळजीपणाने टिकली, असेही नाही. विल्यम विल्सन हंटर यांच्या संपादनाखाली 'इम्पीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया' १८८१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. भारतीय नावे रोमन लिपीत एकाच पद्धतीने लिहिली जावीत म्हणून हंटर यांनी लिप्यंतराचे नियम बसविले. ती पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण नियमाबरोबर अपवादही आले. कॅलकटा, बॉम्बे, लखनौ, कॉनपोर यांसारखी नावे इंग्रजी वाचकाच्या अंगवळणी पडली आहेत, म्हणून त्यांची जुनीच रूपे राखण्यात आली. जे नाव वाचकाला ठाऊक आहे ते हलवू नये, हे तत्त्व विकिपीडियाहून बरेच जुने आहे.

७/ आता खरा प्रश्न. 'माह्राट्टा' गेले कोठे? जेम्स ग्रँट डफ यांचा तीन खंडांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला, त्याच्या नावातच 'माह्राट्टाज' होते. तो परक्यांचाच दोष म्हणावा, तर टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या इंग्रजी साप्ताहिकाचे नावही त्याच स्पेलिंगने छापले जात असे. मग १९०० मध्ये न्यायमूर्ती रानडे यांचे 'राइझ ऑफ द मराठा पॉवर' आले. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. रियासतकार सरदेसाई यांचे 'न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज' १९४६ ते १९४८ या काळात तीन खंडांत आले. स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९९३ मध्ये केंब्रिजच्या इतिहासमालेसाठी लिहिले, तेव्हा 'मराठाज' याखेरीज दुसरे रूप वापरण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

८/ 'शिवाजी' या रूपाचेही तेच. जदुनाथ सरकार यांचे 'शिवाजी अँड हिज टाइम्स' १९१९ मध्ये आले आणि 'सिवाजी' हे रूप हळूहळू मागे पडले. यासाठी कोणी ब्रिटानिकाच्या कार्यालयावर मोर्चा नेल्याचे इतिहासात नमूद नाही. चांगली पुस्तके आली, ती वाचल्यावाचून पुढच्या अभ्यासकाला गत्यंतर उरले नाही, आणि पुस्तकांबरोबर नावेही आली. नावाची लढाई ग्रंथालयात जिंकली गेली आणि ज्ञानकोशाने तिची नोंद केली. या धाग्यातील माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे.

९/ नद्यांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. वासाहतिक इंग्रजीत नर्मदेला 'नर्बुडा', कृष्णेला 'किस्टना' आणि यमुनेला 'जमना' म्हणत. तिन्ही रूपे आज इतिहासजमा झाली. इंग्रजी ज्ञानकोशातही नर्मदा, कृष्णा, यमुना अशीच शीर्षके आहेत. 'गँजेस' मात्र तग धरून राहिले. कारण ते रूप ईस्ट इंडिया कंपनीने घडविलेले नाही. ग्रीकांनी 'गंगा' या शब्दाला आपल्या भाषेचा प्रत्यय जोडला, तेथून तो लॅटिनमध्ये आणि पुढे युरोपीय भाषांत गेला. मेगॅस्थेनीसच्या काळापासून म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षे तो चालत आला आहे. 'नर्बुडा' हा ऐकण्यातला दोष होता. 'गँजेस' हा एका जुन्या परिचयाचा अवशेष आहे. दोहोंवर एकाच सुरात रागावणे इतिहासाला धरून होणार नाही.

१०/ तरीही 'गँजेस' कायमचे राहावे, असे माझे मत नाही. कारण रूढतेची मोजणी करताना कोणाची इंग्रजी मोजायची, हा प्रश्न टाळता येत नाही. इंग्रजी ही भारतातही लिहिली, वाचली, छापली जाते. न्यायालयांचे निवाडे तिच्यात लिहिले जातात, प्रबंध तिच्यात सादर होतात, वर्तमानपत्रे तिच्यात निघतात. त्या इंग्रजीत या नदीचे नाव बहुतेक ठिकाणी 'गंगा' असेच येते. नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्र सरकारने स्थापन केलेल्या राष्ट्रीय अभियानाच्या इंग्रजी नावातही 'गंगा' हाच शब्द आहे. 'इंग्रजी वाचक' म्हटले की डोळ्यांसमोर फक्त लंडन आणि न्यूयॉर्क उभे राहत असेल, तर नियम योग्य असूनही मोजमाप अपुरे आहे.

११/ मोजमापाचा आणखी एक दोष आहे. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांवरचे स्वामित्वहक्क संपले असल्याने ती मोठ्या प्रमाणावर आंतरजालावर मोफत उपलब्ध आहेत. भारतात छापलेली अलीकडची पुस्तके आणि नियतकालिके त्या तुलनेने फार कमी सापडतात. त्यामुळे कोणी केवळ शोधाच्या आकड्यांवर बोट ठेवून 'हेच रूप रूढ आहे' असे म्हणू लागला, तर तो अनेकदा आजचा वापर मोजत नसून शंभर वर्षांपूर्वीचा वापर मोजत असतो. कोणते नाव किती वेळा आले याइतकेच ते कोणत्या वर्षी आले, हे विचारले पाहिजे.

१२/ वर्तमानात नाव कसे बदलते, याचे उत्तम उदाहरण युक्रेनच्या राजधानीचे आहे. रशियन उच्चारावरून इंग्रजीत 'कियेव्ह' रूढ झाले होते. युक्रेनियन उच्चारानुसार 'कीव्ह' लिहावे, असे त्या देशाने १९९५ मध्येच ठरविले होते. २०१८ मध्ये तेथील परराष्ट्र मंत्रालयाने त्यासाठी जगभर मोहीम उघडली. ऑगस्ट २०१९ मध्ये असोसिएटेड प्रेसने नवे रूप स्वीकारले, त्याच वर्षी ऑक्टोबरात बीबीसीने आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने. इंग्रजी विकिपीडियाने लेखाचे शीर्षक बदलले ते सप्टेंबर २०२० मध्ये, प्रदीर्घ चर्चेनंतर.

१३/ हा क्रम नीट पाहा. अधिकृत निर्णय, मग पंचवीस वर्षांची प्रतीक्षा. मोहीम, मग वृत्तसंस्था, मग वृत्तपत्रे आणि सर्वांत शेवटी ज्ञानकोश. युक्रेनियनांनी आपली शक्ती जेथे लेखन घडते तेथे लावली. वृत्तसंस्थांच्या लेखनशैलीच्या नियमावल्या बदलल्या आणि ज्ञानकोशाचे शीर्षक त्यामागून आले. ज्ञानकोश शेवटी येतो, हे त्याचे भित्रेपण मानण्याचे कारण नाही. तो शेवटी यावा, अशीच त्याची रचना आहे. जो ज्ञानकोश मोहिमेच्या पहिल्या दिवशी नाव बदलेल, तो दुसऱ्या मोहिमेच्या पहिल्या दिवशी ते परतही फिरवील.

१४/ शासनाची इच्छा नेहमी फळते, असेही नाही. पश्चिम आफ्रिकेतील कोत दिव्वार या देशाने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आग्रह धरला आहे की आपले नाव कोणत्याही भाषेत भाषांतरित करू नये, फ्रेंच रूपातच लिहावे. इंग्रजी विकिपीडियावर मात्र त्या देशाचा लेख 'आयव्हरी कोस्ट' याच नावाखाली आहे, कारण इंग्रजी लेखनात ते रूप घट्ट बसले आहे. तुर्कस्तानने २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात आपले नाव 'तुर्किये' असे नोंदवून घेतले. तेथेही सर्वसाधारण इंग्रजी वापर लगेच बदलला नाही. राजपत्रात अधिसूचना काढता येते. लोकांच्या लेखणीला मात्र अधिसूचना लागू होत नाही.

१५/ आता इतिहासकाराला अधिक जवळचा प्रश्न: भूतकाळातील नाव कोणते लिहावे? बाल्टिक समुद्रावरील एका बंदराला पोलिश 'ग्दान्स्क' म्हणतात आणि जर्मन 'डान्झिग'. शहराने अनेक राजवटी पाहिल्या. विकिपीडियावर या एका नावावरून एवढी ओढाताण झाली की २००५ मध्ये संपादकांना मतदान घ्यावे लागले. तोडगा निघाला तो कालखंडांचा. उदाहरणार्थ १७९३ ते १९४५ या काळाविषयी लिहिताना 'डान्झिग' आणि १९४५ नंतरच्या काळाविषयी 'ग्दान्स्क'. लेखाचे शीर्षक आजचे, आतील उल्लेख त्या त्या काळाचे. हा तोडगा कोणालाच पूर्ण आवडला नसेल, पण तो इतिहासाशी प्रामाणिक आहे.

१६/ आपल्याकडे हीच पद्धत वसईच्या बाबतीत न ठरवताच चालू आहे. पोर्तुगीजांनी वसईचे 'बासाइँ' केले आणि इंग्रजांनी त्याचे 'बॅसीन'. शहराचा इंग्रजी लेख आज 'वसई' या नावाने आहे. परंतु ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह 'ट्रीटी ऑफ बॅसीन' याच नावाने शोधावा लागतो, आणि गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ मध्ये पोर्तुगीजांशी केलेला तहही. गंमत अशी की ब्रह्मदेशातील पाथेन या शहरालाही इंग्रज 'बॅसीन'च म्हणत. म्हणजे आजच्या शहरासाठी 'वसई' हे नाव केवळ आपल्या अभिमानाचे नाही; नेमकेपणाच्या कसोटीवरही तेच सरस ठरते.

१७/ लढायांच्या नावांत हा भेद अधिक स्पष्ट दिसतो. ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'किर्की'ची आहे. इंग्रजी विकिपीडियावर ती 'खडकी'ची झाली. २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई, जी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांविरुद्ध जिंकली, ती मात्र 'असाये' याच स्पेलिंगने राहिली. खडकी हे पुण्याचे जिवंत उपनगर आहे, तेथील लोक रोज इंग्रजीत आपला पत्ता लिहितात. असईचे नाव जगाला ठाऊक आहे ते वेलस्लीच्या चरित्रांतून आणि ब्रिटिश पलटणींच्या निशाणांवरून. ज्या नावाला जिवंत वापराचा आधार मिळतो ते बदलते. ज्याला मिळत नाही ते कागदात थिजून राहते.

१८/ जुनी रूपे सरसकट पुसावीत, असे म्हणणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना. १९३२ चा पुणे करार इंग्रजीत 'पूना पॅक्ट' आहे. सरकार आणि सरदेसाई यांनी संपादित केलेल्या इंग्रज वकिलातीच्या पत्रव्यवहाराच्या मालेचे नाव 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' असे आहे. अभिलेखागारांच्या सूच्या 'पूना', 'बॉम्बे', 'नर्बुडा' या अक्षरांखाली लावलेल्या आहेत. जो विद्यार्थी ही रूपे जाणत नाही, त्याला कागद समोर असूनही सापडत नाही. जुने नाव शीर्षकातून काढणे वेगळे आणि स्मृतीतून काढणे वेगळे.

१९/ याहून अवघड असतात निवाडा देणारी नावे. १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९५७ मध्ये, तीन बंगाली इतिहासकारांची इंग्रजी पुस्तके आली. रमेशचंद्र मजुमदार यांनी शीर्षकात 'सिपॉय म्यूटिनी' आणि 'रिव्होल्ट' असे दोन्ही शब्द ठेवले. शशिभूषण चौधरी यांनी 'सिव्हिल रिबेलियन' म्हटले. आणि भारत सरकारसाठी लिहिणाऱ्या सुरेंद्रनाथ सेन यांनी नाव दिले नुसते 'एटीन फिफ्टी-सेव्हन'. त्याआधी १९०९ मध्ये सावरकरांनी त्याला स्वातंत्र्यसमर म्हटलेच होते. एका घटनेची ही चार नावे म्हणजे चार युक्तिवाद आहेत. ज्ञानकोशाने यांपैकी एक युक्तिवाद शीर्षकात बसविला की उरलेले तीन लेख उघडण्याआधीच हरतात. म्हणून अशा ठिकाणी सेन यांचा संयम मला आदर्श वाटतो: घटना आणि वर्ष सांगावे, निवाडा लेखात मांडावा.

२०/ मराठ्यांच्या राज्याला 'एम्पायर' म्हणावे की 'कॉन्फेडरसी', हा वादही याच जातीचा. विकिपीडियावरही तो झडलेला आहे. 'कॉन्फेडरसी' हा वेलस्लीकालीन इंग्रज अधिकाऱ्यांचा लाडका शब्द. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्याशी वेगवेगळे तह करणे त्यांना सोयीचे होते. पण एवढ्यावरून तो शब्द खोटा ठरत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील सत्तेचे वाटप त्यातून खरोखर समजते. उलट शिवकालीन राज्याला तो मुळीच लागू पडत नाही. रानडे यांनी आपल्या शीर्षकात दोन्ही शब्द टाळून 'पॉवर' लिहिले होते. तो शब्द आजही विचार करण्याजोगा आहे.

२१/ आता सर्वांत नाजूक मुद्दा, उपाधींचा. 'शिवाजी' हे शीर्षक मराठी वाचकाला खुपते, कारण आपण ते मराठी व्याकरणाने वाचतो. मराठीत 'होता' आणि 'होते' यांत आदराचे अंतर आहे; महाराजांचा एकेरी उल्लेख आपल्या कानाला सहन होत नाही आणि तो होऊही नये. इंग्रजी क्रियापदात हे अंतरच नाही. त्या ज्ञानकोशात सम्राट अशोकाच्या लेखावर नुसते 'अशोक' आहे, अकबराच्या लेखावर नुसते 'अकबर', टिळकांच्या नावामागे 'लोकमान्य' नाही आणि आंबेडकरांच्या नावात 'बाबासाहेब' नाहीत. 'महात्मा गांधी' हा ठळक अपवाद, आणि तोही आदरापोटी नव्हे. जगभरच्या लेखनात 'महात्मा' हा शब्द जणू नावाचाच भाग झाला म्हणून. जे केवळ एका नावाने जगाला ओळखू येतात, त्यांच्या नावाला उपाधी नसणे हा इंग्रजीच्या परंपरेत उणेपणा नाही.

२२/ थोडे आरशातही पाहावे. मराठी कागदपत्रांत डच लोक 'वलंदेज' आहेत आणि फ्रेंच 'फरासीस'. 'वलंदेज' तर आपण पोर्तुगीजांच्या तोंडून उचलला. आजही आपण जर्मनी म्हणतो, डॉइचलांट नाही. चीन म्हणतो, जपान म्हणतो, आणि त्या देशांतील लोक आपल्या देशाला तसे म्हणत नाहीत याची आपल्याला खंत नसते. वडोदरा आपल्याला बडोदे आहे, थंजावूर तंजावर आहे. कर्नाटक सरकारने २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी केले आणि विजापूरचे विजयपुर. मराठी लेखणीने ते मानले का? 'अधिकृत नाव तेच खरे' हा युक्तिवाद मुंबईसाठी वापरायचा आणि बेळगावच्या वेशीवर खाली ठेवायचा, हे बौद्धिक प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे.

२३/ आणि परक्याने दिलेले प्रत्येक रूप परकेच राहते, असेही नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे इंग्रजी रूप 'सिंधिया' झाले. पुढे ते घराण्याने स्वतः स्वीकारले, हिंदीतही तेच चालते. उद्या कोणी शुद्धीकरणाच्या उत्साहात त्या घराण्यातील आजच्या व्यक्तींच्या लेखांवर 'शिंदे' लिहू लागला, तर तो त्यांचे स्वतःचे नाव त्यांच्याकडून काढून घेईल. नावाच्या व्युत्पत्तीवर इतिहासाचा अधिकार असतो. नावावर ते धारण करणाऱ्याचा.

२४/ तर माझी भूमिका थोडक्यात अशी. जिवंत गाव, नदी वा व्यक्ती असेल तर तेथील लोक आज इंग्रजी लिहिताना जे नाव वापरतात, त्याला सर्वाधिक वजन द्यावे. संपलेली घटना, तह वा संस्था असेल तर साधनग्रंथांतील नाव राखावे आणि आजचे नाव पहिल्याच वाक्यात द्यावे. नावातच निवाडा असेल तर शक्य तितके वर्णनात्मक नाव घ्यावे. यांपैकी कोणतीही गोष्ट विकिपीडियाच्या सध्याच्या नियमांच्या विरोधात नाही. नियम न मोडता, पुरावा अधिक चांगला आणून हे साधता येते.

२५/ आणि पुरावा कोणी आणायचा? पेशवे दफ्तरात लक्षावधी मोडी कागद आहेत. मोडी वाचणारे थोडे, वाचून इंग्रजीत लिहिणारे त्याहून थोडे. जोवर जगातील अभ्यासकाला मराठ्यांच्या इतिहासासाठी कंपनीच्या अधिकाऱ्याचे पत्र अधिक सुलभ आणि मराठी पत्र दुर्गम राहील, तोवर शब्दही कंपनीचेच रूढ राहतील. एक बखर नीट संपादून इंग्रजीत आणणे, एक शोधनिबंध चांगल्या नियतकालिकात छापणे, एका तळटीपेत मूळ मराठी संज्ञा जशीच्या तशी देऊन तिचा अर्थ उलगडणे, हे लाल वर्तुळाच्या चित्राहून संथ काम आहे. पण 'माह्राट्टा'चे 'मराठा' झाले ते याच कामाने.

२६/ म्हणून पुढच्या वेळी एखादे शीर्षक खटकले, तर रागावण्याआधी त्या लेखाच्या तळाशी जाऊन कोणती पुस्तके आधाराला घेतली आहेत ते पाहा. त्या यादीत मराठी माणसाने लिहिलेली किती, गेल्या तीस वर्षांतील किती, हे मोजा. ती यादी बदलली की शीर्षक आपोआप डळमळू लागते. ती तशीच राहिली, तर आज आंदोलनाने बदललेले शीर्षक उद्या एखादा संपादक दोन संदर्भ दाखवून पूर्ववत करील आणि आपल्याजवळ उत्तर नसेल.

धागा समाप्त. आपल्या गावाचे जुने इंग्रजी रूप आणि ते कोणत्या ग्रंथात वा नकाशावर पाहिले, हे खाली अवश्य नोंदवा.